सातारा शहर : भूमी, नामे आणि लोकवस्ती

कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील जुनी नगरे नकाशावर पाहिली असता त्यांच्यात एक साम्य दिसते. वाई कृष्णेच्या काठी आहे. माहुली कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर आहे. कराड कृष्णा-कोयनेच्या संगमावर आहे. आणखी खाली सांगली कृष्णेच्या तीरावर असून तिच्या लगतचे हरिपूर कृष्णा-वारणेच्या संगमावर आहे. नदीचे पाणी, घाटाची पवित्र जागा आणि तीरावरील सुपीक जमीन या तीन गोष्टींनी ही गावे वसविली. सातारा मात्र या मालिकेत बसत नाही. जिल्ह्याचे मुख्य ठाणे आणि एका काळी मराठी राज्याची राजधानी असलेले हे शहर कोणत्याही मोठ्या नदीच्या काठावर नाही. वेण्णा त्याच्या उत्तरेकडून वाहत जाते आणि कृष्णा पूर्वेला सुमारे पाच किलोमीटरवर राहते. शहर बसले आहे ते डोंगराच्या उतारावर.

नदी जवळ असूनही नगर नदीवर का नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ भूगोलाचा आहे. परंतु त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, आणि त्या इतिहासाचा बराचसा पुरावा स्थलनामांत टिकून राहिला आहे. साताऱ्याची वस्ती व्यापाराने किंवा तीर्थमाहात्म्याने वाढलेली नसून सत्तेच्या आश्रयाने वाढलेली आहे. त्यामुळे सत्ता जेव्हा जेव्हा स्थानांतर करती झाली, तेव्हा तेव्हा शहराच्या लोकवस्तीवर तिचा परिणाम झाला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ भूरचना, नाव, पेठांची नामे, पाणीपुरवठा आणि लोकसंख्या यांचा क्रमाने विचार केला आहे.

१. भूरचना

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे अनेक फाटे निघतात व त्यांच्या मधून कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांची खोरी तयार होतात. वेण्णा आणि उरमोडी या अशाच दोन नद्या होत. त्यांच्या दरम्यान पूर्वेकडे उतरत आलेल्या फाट्यावर पश्चिमेस यवतेश्वराचा डोंगर असून त्याच्या पूर्वेस अजिंक्यताऱ्याचा डोंगर आहे. या दोन डोंगरांमध्ये एक खिंड आहे. खिंडीतून पुढे बोगदा खोदण्यात आला आणि आज त्या भागाचे नावच ‘बोगदा’ असे पडले आहे. अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी आणि यवतेश्वराच्या पूर्वेस जी कललेली, अर्धवर्तुळाकार भूमी आहे तीच मूळ सातारा शहराची भूमी होय. ती समुद्रसपाटीपासून सुमारे २,३२० फूट, म्हणजे सातशे मीटरांहून किंचित अधिक उंचीवर आहे. किल्ल्याचा माथा त्याहून सुमारे तीनशे मीटर उंच आहे.

या रचनेचे दोन परिणाम झाले. एक असा की, शहराला दक्षिण व पश्चिम या दोन बाजूंनी नैसर्गिक आडोसा मिळाला. किल्ल्यावरून सर्व वस्तीवर नजर ठेवता येते आणि उत्तरेस व पूर्वेस पसरलेल्या खोऱ्यातील हालचालही दिसते. संरक्षणाच्या दृष्टीने ही जागा उत्तम होय. दुसरा परिणाम त्याच्या उलट आहे. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी उतारावरून वेगाने वेण्णेकडे निघून जाते. नदी खाली आणि वस्ती वर असल्यामुळे, यंत्रबळाच्या अभावी नदीचे पाणी वस्तीपर्यंत चढविणे शक्य नव्हते. पावसाळ्यात भरपूर जलवृष्टी आणि उन्हाळ्यात टंचाई हे द्वंद्व या भूमीच्या रचनेतच आहे. अशा जागी मोठी वस्ती आपोआप होत नाही. ती मुद्दाम करावी लागते.

२. ‘सातारा’ हे नाव

शहराच्या नावाविषयी तीन व्युत्पत्ती प्रचलित आहेत. किल्ल्याला सतरा बुरूज, दरवाजे वा भिंती होत्या म्हणून ‘सतरा’ या संख्यावाचकापासून ‘सातारा’ झाले, ही पहिली. शहराभोवती सात डोंगर आहेत म्हणून हे नाव पडले, ही दुसरी. ‘सात’ व ‘तारा’ या दोन पदांपासून, म्हणजे सप्तर्षींच्या सात ताऱ्यांवरून हे नाव आले, ही तिसरी.

पहिली व्युत्पत्ती भाषादृष्ट्या टिकत नाही. संस्कृत ‘सप्तदश’ पासून प्राकृताच्या द्वारा मराठीत ‘सतरा’ हे रूप सिद्ध झाले आहे. त्यापासून ‘सातारा’ व्हावयाचे तर पहिल्या अक्षरातील ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला पाहिजे आणि दुसऱ्या अक्षरातीलही ऱ्हस्व ‘अ’ चा ‘आ’ झाला पाहिजे. मराठीच्या कोणत्याही नियमित ध्वनिपरिवर्तनाने ही दुहेरी दीर्घता उपपन्न होत नाही. शिवाय ‘सतरा’ हा शब्द रोजच्या व्यवहारात जसाच्या तसा जिवंत असताना केवळ या एका नावात त्याचे रूप बदलावे, याला कारण दिसत नाही. ध्वनिसादृश्यावरून मागाहून रचलेली ही लोकव्युत्पत्ती आहे. सांगलीचे नाव ‘सहा गल्ल्यां’वरून सांगतात, तीही याच जातीची. संख्या मोजून नावाचा उलगडा करण्याची हौस लोकमानसात सर्वत्र आढळते.

दुसऱ्या व्युत्पत्तीत ‘सात’ या पदाचा निर्वाह होतो, परंतु ‘तारा’ या पदाचा होत नाही. कारण मराठीत ‘तारा’ याचा डोंगर असा अर्थ नाही. शिवाय सात डोंगर कोणते, याविषयी एकवाक्यता नाही. अजिंक्यतारा, यवतेश्वर, जरंडेश्वर, सज्जनगड यांसारखी ठळक नावे प्रत्येक यादीत येतात, पण सातची संख्या पुरी करताना सांगणारे भिन्न भिन्न डोंगर घेतात.

तिसऱ्या व्युत्पत्तीतील ध्वनिव्यापार मात्र सुलभ आहे. ‘सात’ आणि ‘तारा’ यांचा समास झाला असता दोन तकार लागोपाठ येतात आणि त्यांतील एकाचा लोप होतो. ‘नाक’ आणि ‘कटा’ यांपासून ‘नकटा’ होताना दोन ककारांपैकी एक गळतो, त्याच स्वरूपाचा हा समाक्षरलोप होय. ‘सातपुडा’, ‘सातमाळा’ या पर्वतनामांत ‘सात’ हे पद पूर्वपदी येते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

याला इतिहासाची एक जोड मिळते. इ. स. १७०० मध्ये औरंगजेबाने हा किल्ला घेतला तेव्हा शाहजादा आझम याच्या नावावरून त्याचे ‘आझमतारा’ असे नामकरण झाले. त्यानंतर थोड्याच काळात घेतलेल्या परळीच्या किल्ल्याला, म्हणजे सज्जनगडाला, ‘नौरसतारा’ हे नाव देण्यात आले. मराठ्यांनी किल्ला परत मिळविल्यावर तो ‘अजिंक्यतारा’ झाला. या तिन्ही नामांत ‘तारा’ हे उत्तरपद कायम असून पूर्वपद तेवढे बदलले आहे. याचा अर्थ असा की, अठराव्या शतकाच्या आरंभी हे नाव ऐकणाऱ्या मोगल व मराठा या दोन्ही पक्षांना त्यात ‘तारा’ हे स्वतंत्र पद जाणवत होते. ‘सतरा’ ही संख्या त्यांच्या मनात नव्हती. अर्थात यावरून मूळ व्युत्पत्ती सिद्ध झाली असे म्हणता येणार नाही. फारसीत ताऱ्याला ‘सितारा’ हा जवळचा शब्द असल्यामुळे मोगलांनी नावाचा अर्थ आपल्या परीने लावला असणे संभवते. तथापि पुराव्याचे वजन ‘तारा’ च्या बाजूस पडते, एवढे निश्चित.

व्युत्पत्ती कोणतीही स्वीकारली तरी एक गोष्ट निर्विवाद राहते. हे नाव आधी किल्ल्याचे होते व मग शहराचे झाले. शाहू महाराजांनी पायथ्याशी वसविलेल्या नगराला ‘शाहूनगर’ हे नाव मिळाले होते. पण लोकव्यवहारात ते रुजले नाही. डोंगराचे नाव खाली उतरून नगराला चिकटले.

३. किल्ल्याकडून नगराकडे

साताऱ्याचा किल्ला पन्हाळ्याच्या शिलाहार घराण्यातील दुसऱ्या भोजाने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला, अशी परंपरा आहे. पुढे तो बहमनी व त्यानंतर आदिलशाही अंमलाखाली आला. आदिलशाहीत त्याचा उपयोग राजकैद्यांसाठी होत असे, इ. स. १५८० मध्ये विजापूरच्या दरबारातील सत्तास्पर्धेत चांदबिबीला येथे बंदीत ठेवण्यात आले होते. इ. स. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला जिंकून घेतला. या संपूर्ण काळात सातारा म्हणजे किल्ला. शहर म्हणून त्याची ख्याती नव्हती. त्या परिसरातील नागरी जीवनाचे केंद्र वाई हे होते.

सन १६९९ च्या अखेरीस औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या वेढ्यास आला. प्रयागजी प्रभू यांच्या नेतृत्वाखाली किल्ल्यातील शिबंदीने कित्येक महिने प्रतिकार केला. दरम्यान २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले आणि एप्रिल महिन्यात किल्ला मोगलांच्या स्वाधीन झाला. या वेढ्याने परिसराच्या नकाशावरही ठसा उमटविला. ग्रँट डफच्या इतिहासानुसार बादशहाचा तळ उत्तरेस करंजे येथे पडला होता, तर शाहजादा आझम याचा तळ पश्चिमेच्या बाजूस जेथे होता त्या गावाला पुढे शहापूर हे नाव मिळाले. तळ उठून तीनशे वर्षे लोटली, नाव राहिले.

शहराचा खरा आरंभ शाहू महाराजांपासून होतो. मोगलांच्या कैदेतून सुटका झाल्यावर १७०७ च्या ऑक्टोबरात खेडच्या लढाईत ताराबाईंच्या पक्षावर त्यांनी विजय मिळविला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. राजधानी म्हणून साताऱ्याची निवड होण्यामागे बळकट किल्ल्याचा ताबा हे मुख्य कारण होते. परंतु राज्य स्थिरावले तशी किल्ल्याची जागा अपुरी पडू लागली. दरबार, प्रधान, सरदार, कारकून, कारागीर, सावकार व त्यांचे आश्रित यांचा समुदाय डोंगरमाथ्यावर मावणारा नव्हता. म्हणून राजवस्ती खाली उतरली. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले तोवर, एका पिढीच्या अवधीत, पायथ्याशी नगर उभे राहिले होते.

४. पेठांच्या नामांतील स्तर

हे नगर कसे वाढले याची साक्ष त्याच्या पेठांची नावे देतात. ही नावे एकाच साच्याची नाहीत, आणि त्यांच्यातील उत्तरपदे वेगळी केली असता वस्तीचे निरनिराळे स्तर दृग्गोचर होतात.

पहिला स्तर ‘माची पेठ’ या नावात दिसतो. ‘माची’ हा दुर्गरचनेतील शब्द असून किल्ल्याच्या माथ्याखालील सपाट टप्पा असा त्याचा अर्थ आहे. किल्ल्याच्या कुशीतील वस्ती नगराचा भाग झाल्यावरही जुने दुर्गवाचक पद तसेच राहिले आणि त्याला ‘पेठ’ हे नवे पद जोडले गेले. ‘माची पेठ’ या जोडनामात किल्ला आणि नगर यांचा सांधा जपला गेला आहे.

दुसरा स्तर ‘रामाचा गोट’, ‘पंताचा गोट’ यांसारख्या नावांचा. ‘गोट’ म्हणजे फौजेचा वा सरदाराच्या परिवाराचा तळ. तंबू, घोडे, जनावरे व सेवकवर्ग यांसह पडलेला हा तळ तात्पुरता असावयाचा; पण स्वामी राजधानीत कायमचा राहू लागला की त्याचा गोटही कायम होतो. छावणीची वस्ती होते आणि शब्द स्थलनाम बनतो.

तिसरा आणि सर्वांत विस्तृत स्तर ‘पेठ’ या पदाचा. या शब्दाचा संबंध कन्नड ‘पेटे’ या बाजारवाचक शब्दाशी आहे आणि दक्षिणेकडील नगररचनेच्या परिभाषेतून तो मराठीत स्थिर झाला आहे. साताऱ्यात त्याचे दोन प्रकार आढळतात. मंगळवार, शनिवार, शुक्रवार इत्यादी वारांवरून पडलेली नावे हा एक प्रकार. पुण्यातही तो प्रसिद्ध आहे. यादोगोपाळ पेठ, बसाप्पा पेठ, मल्हार पेठ, केसरकर पेठ यांसारखी व्यक्ती, घराणे अथवा दैवत यांवरून पडलेली नावे हा दुसरा प्रकार. वारांची नावे हे नियोजनाचे लक्षण आहे. ती वरून दिली जातात. व्यक्तिनामे हे अनुग्रहाचे लक्षण आहे; ज्याला जागा मिळाली, किंवा ज्याने वस्ती करविली, त्याच्या नावाने ती ओळखली जाते. दोन्ही प्रकारांत राज्यसत्तेचा हात दिसतो.

चौथ्या स्तरात ‘पुरा’ आणि ‘गंज’ ही पदे येतात. चिमणपुरा, व्यंकटपुरा, रघुनाथपुरा, राजसपुरा ही नावे पहिल्या पदाची उदाहरणे होत. ‘पुर’ हा शब्द संस्कृत असला तरी वस्तीच्या विभागाला ‘पुरा’ म्हणण्याची रीत उत्तरेकडील व मुसलमानी नगरांतून अधिक परिचित आहे. ‘प्रतापगंज’ या नावातील ‘गंज’ हा फारसी शब्द असून कोठार, धान्याची बाजारपेठ असा त्याचा आशय आहे. शेवटचा स्तर ‘सदर बझार’ आणि ‘कॅम्प’ यांचा. इंग्रजी छावणीच्या आनुषंगाने ही नावे आली व ती जुन्या शहराच्या पूर्वेकडील मोकळ्या भूमीवर पसरली.

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. उत्तरपदाच्या प्रकारावरून एखाद्या पेठेचा काळ निश्चित करता येत नाही. जुने पद नंतरही वापरले जाते आणि जुन्या वस्तीला नवे नाव मिळते. नामांचे स्तर हे कालदर्शक नसून प्रवृत्तिदर्शक आहेत. परंतु माची, गोट, पेठ, गंज, बझार हा शब्दसमुदाय एकत्र पाहिला असता त्यात एका गोष्टीचा अभाव जाणवतो. नदीकाठच्या नगरात जी नावे प्रथम कानी पडतात, ती घाट, आळी आणि तीर्थ यांच्याशी निगडित असतात. वाईत कृष्णाकाठच्या वस्त्यांना गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी अशी नावे आहेत. साताऱ्याच्या मुख्य नामावलीत दुर्ग, फौज, बाजार आणि राजपुरुष यांचे प्राबल्य आहे. शहर ज्यांच्यामुळे वसले त्यांची ही नोंद होय.

५. पाण्याची व्यवस्था

ज्या नगराला नदी नाही त्याला पाणी आणून द्यावे लागते. साताऱ्यात हे काम राज्यकर्त्यांनी पश्चिमेकडील डोंगरांच्या साहाय्याने केले. यवतेश्वराच्या पायथ्याशी असलेले महादऱ्याचे तळे आणि शहरातील मंगळवार तळे, मोती तळे, फुटके तळे ही जलाशयांची नावे या व्यवस्थेची आठवण देतात. उंचावरील पाणी उताराच्या बळावर खाली आणावयाचे आणि शहरातील हौदांत व तळ्यांत साठवावयाचे, हे तिचे तत्त्व होते. पुढे इंग्रजी अमदानीत यवतेश्वरापलीकडील कासच्या तलावातून शहराला पाणी मिळू लागले. कासचे पठार शहरापेक्षा शेकडो मीटर उंच असल्यामुळे सुमारे पंचवीस किलोमीटरांचे अंतर पाणी उतारानेच पार करू शकते. म्हणजे साधने बदलली तरी तत्त्व तेच राहिले.

विसाव्या शतकात यंत्रबळ आले तेव्हाच खालच्या नदीचे पाणी वर चढविणे साध्य झाले. उरमोडीचे पाणी शहराला देणारी योजना शहापूरच्या नावाने ओळखली जाते. ज्या गावाने आझमच्या छावणीची आठवण जपली, त्याच गावाचे नाव आता साताऱ्याच्या पाण्याशी जोडले गेले आहे.

या व्यवस्थेचा लोकवस्तीशी निकट संबंध आहे. उताराने आणलेल्या पाण्याचे प्रमाण उगमाच्या साठ्याने मर्यादित होते. म्हणून वस्तीही मर्यादित राहते. राजसत्ता समर्थ असेपर्यंत ती नवे तळे बांधू शकते, नळ दुरुस्त करू शकते. ती दुर्बळ झाली की ‘फुटके तळे’ हे नाव शिल्लक राहते.

६. सत्तेची स्थानांतरे

शाहू महाराजांच्या निधनानंतर राज्यकारभाराचे केंद्र पुण्याला गेले. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर छत्रपतींच्या हाती नाममात्र अधिकार उरला. सिंहासन साताऱ्यास आणि सत्ता पुण्यास, अशी विभागणी सुमारे सत्तर वर्षे चालली. पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहून येत. पण दौलतीचा जमाखर्च पुण्यास होई. पुण्याच्या पेठा याच काळात भराभर वाढल्या, हा योगायोग नव्हे. नगराला पोसणारा पैसा दुसऱ्या नगराकडे वळला होता.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली. आष्टीच्या लढाईत इंग्रजांच्या हाती आलेल्या प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसविण्यात आले व २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने साताऱ्याचे संस्थान निर्माण झाले. मराठ्यांच्या इतिहासाचा कर्ता जेम्स ग्रँट डफ हा येथील पहिला रेसिडेंट होता. प्रतापसिंहांच्या कारकीर्दीत शहराला पुन्हा चैतन्य आले. राजवाडा, रस्ते, पाणी आणि विद्या यांकडे त्यांनी लक्ष दिले. महाबळेश्वरची वसाहतही त्यांच्याच सहकार्याने उभी राहिली. सत्ता परत आली की शहर वाढते, याचे हे दुसरे उदाहरण होय.

हे पर्व फार काळ टिकले नाही. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले आणि तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी यांनी लंडनमध्ये चौदा वर्षे खटपट केली, परंतु ती व्यर्थ गेली. गादीवर बसविलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने नामंजूर केले व संस्थान खालसा झाले. १८५७ च्या उठावात येथील सतरा जणांना गेंडामाळावर देहान्त शासन झाले. पदच्युत घराण्याविषयीची निष्ठा शहरात किती खोल होती, हे त्यावरून दिसते.

दरबार नाहीसा झाला, पण शहर ओसाड पडले नाही. राजधानीची जागा जिल्ह्याच्या ठाण्याने घेतली. कलेक्टरची कचेरी, न्यायालय, छावणी आणि १८५३ मध्ये स्थापन झालेली नगरपालिका हे नवे आधार होत. फौजेतून निवृत्त झालेल्या पेन्शनरांचीही येथे वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर सहकुटुंब साताऱ्यास राहिले, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे पुत्र भीमराव, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, येथील राजवाड्यातील शाळेत दाखल झाले. छत्रपतींच्या वास्तूत सरकारी शाळा भरावी आणि तिच्यात अस्पृश्य गणल्या गेलेल्या एका सुभेदाराच्या मुलाचे नाव नोंदले जावे, यात शहराच्या बदललेल्या आधारांचे चित्र स्पष्ट उमटले आहे.

७. लोकसंख्या : सातारा आणि सांगली

या पार्श्वभूमीवर जनगणनेचे आकडे पाहावे. १९०१ मध्ये साताऱ्याची लोकसंख्या २६,०२२ होती. त्याच वर्षी सांगलीची लोकसंख्या सुमारे १७ हजार व मिरजेची सुमारे १८ हजार होती. म्हणजे विसाव्या शतकाच्या प्रारंभी सातारा या दोन्ही शहरांपेक्षा बरेच मोठे होते. २०११ च्या जनगणनेत सातारा नगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार, तर सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेची सुमारे ५ लाख ३ हजार होती. एकशे दहा वर्षांत सातारा सुमारे साडेचार पटींनी वाढले. सांगली-मिरज परिसर १९०१ च्या दोन्ही शहरांच्या बेरजेच्या सुमारे चौदा पट झाला.

ही तुलना अर्थातच जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेत सांगली, मिरज ही दोन शहरे, कुपवाड व आसपासची गावे यांचा समावेश आहे. उलट साताऱ्याचा २०११ चा आकडा जुन्या, आखूड हद्दीचा आहे. हद्दीबाहेरची उपनगरे त्यात मोजलेली नाहीत. २०२० मध्ये साताऱ्याची हद्द वाढविण्यात आली व शहापुरीसारखी नव्हे, तर शाहूपुरीसारखी दाट वस्तीची उपनगरे नगरात आली. तथापि ही सर्व वजावट करूनही अंतर मोठेच राहते. त्याची कारणे दोन शहरांच्या जन्मातच शोधावी लागतात.

सांगलीचे राजकीय महत्त्व साताऱ्यापेक्षा बरेच अर्वाचीन आहे. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून विभक्त झाले आणि त्यांनी सांगली हे आपले ठाणे केले. येथेही सत्तेनेच नगर वसविले. परंतु ते मोकळ्या सपाटीवर, बारमाही नदीच्या काठी आणि काळ्या जमिनीच्या मुलखात वसविले. त्यामुळे सत्तेच्या आश्रयाला व्यापाराची जोड मिळाली. हळदीचा व्यापार हे त्याचे उत्कृष्ट उदाहरण आहे. हरिपूरच्या जमिनीत खणलेल्या पेवांत हळद दीर्घकाळ टिकत असे. माल साठवून योग्य वेळी विकता येई. म्हणून व्यापारी येथे स्थिरावले. मिरज लोहमार्गाचे मोठे स्थानक बनले आणि सांगली त्याला जोडली गेली. १९४९ मध्ये संस्थाने विलीन होऊन जुन्या सातारा जिल्ह्याची उत्तर व दक्षिण अशी विभागणी झाली तेव्हा सांगली दक्षिण साताऱ्याचे मुख्य ठाणे बनली. १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. संस्थान गेले, पण बाजार राहिला आणि वर जिल्ह्याचे ठाणेही मिळाले.

साताऱ्याला लोहमार्गाचा लाभ पुरता मिळाला नाही. पुणे-मिरज मार्ग कृष्णेच्या खोऱ्यातून गेला आणि डोंगराच्या कुशीतील शहर त्याच्या बाजूला राहिले. स्थानक शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूस आहे. औद्योगिक उपक्रमांनीही मार्गाची जवळीक शोधली. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये लोहमार्गालगत वसली. कूपर यांचा कारखाना सातारा रोड स्थानकाजवळ उभा राहिला. ‘सातारा रोड’ या नावातच हा विपर्यास आहे : नाव साताऱ्याचे, जागा साताऱ्याबाहेर.

मग विसाव्या शतकात सातारा वाढले ते कशाच्या बळावर? त्याचे मुख्य उत्तर शिक्षण हे होय. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्यास आली. खेड्यापाड्यांतील सर्व जातींची मुले वसतिगृहात एकत्र राहून शिकू लागली. १९४७ मध्ये शिवाजी कॉलेज निघाले, १९६१ मध्ये देशातील पहिली सैनिक शाळा येथे स्थापन झाली. पूर्वी दरबाराकडे येणारा माणूस आता शाळेकडे आणि कचेरीकडे येऊ लागला. मात्र शिकून झालेला तरुण पुष्कळदा येथे न थांबता मुंबई-पुण्याकडे गेला. २००१ ते २०११ या दशकात सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २८,०८,९९४ वरून ३०,०३,७४१ वर गेली. ही वाढ सात टक्क्यांहूनही किंचित कमी आहे. जिल्ह्यातील नागरी लोकसंख्येचे प्रमाण सुमारे १९ टक्के, तर सांगली जिल्ह्यात ते सुमारे २५ टक्के होते. सातारा माणसे घडविते आणि बाहेर पाठविते, असा या आकड्यांचा अर्थ होतो.

भूमीने दोन्ही शहरांकडून वेगवेगळी किंमत घेतली आहे, हेही नमूद केले पाहिजे. जी नदी सांगलीचे वैभव झाली तिनेच २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहरात पाणी शिरविले. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांचीही मोठी हानी झाली. डोंगराच्या कुशीतील सातारा अशा महापुरापासून सुरक्षित आहे. त्याची विवंचना उन्हाळ्यातील पाण्याची आणि उतारावर चढत जाणाऱ्या घरांची आहे.

८. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. साताऱ्याची जागा राहण्यासाठी नव्हे, तर राखण्यासाठी निवडली गेली. तेथे नगर झाले ते राजाज्ञेने. त्याला पाणी मिळाले ते राजाश्रयाने. आणि त्याच्या वाढीचे चढउतार १७०८, १७४९, १८१८ व १८४८ या राजकीय वर्षांशी जुळणारे आहेत. दरबाराच्या अस्तानंतर कचेरी व शाळा यांनी त्याला धरून ठेवले, म्हणून ते जिंजी किंवा रायगड यांप्रमाणे केवळ इतिहासाचे स्थळ झाले नाही. आश्रय बदलूनही वस्ती टिकवून धरणे, हे या शहराचे वैशिष्ट्य मानले पाहिजे.

या निष्कर्षाचा मोठा आधार पेठांची नावे हा आहे, आणि तोच आज सर्वांत अस्थिर आहे. नव्या वसाहतींना कॉलनी, नगर, पार्क अशी नावे मिळत आहेत, आणि ‘गोट’ म्हणजे काय हे तेथे राहणाऱ्या तरुण पिढीस बहुधा सांगता येत नाही. किल्ल्याचे बुरूज ढासळले तरी दगड जागेवर राहतात. नाव बोलण्यातून गेले की त्याचा मागमूस राहत नाही. नगरपालिकेची जुनी दप्तरे, मिळकतींची खतपत्रे आणि वृद्ध रहिवाशांची स्मृती या तीन साधनांतून साताऱ्याच्या गोट, पुरे, पेठा, तळी आणि वाटा यांच्या नामांचा संपूर्ण कोश तयार होणे शक्य आहे. इतिहास आणि भाषाशास्त्र या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावे असे हे काम आहे, आणि त्याला विलंब परवडणारा नाही.